दोन घरचा पाहुणा

बगराम, अफगाणिस्तान
रामनवमी, ८ एप्रिल २०१४

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आज सकाळी आपण हरलो. ‘आपण’ म्हणजे कोण ते पुढे येईलच. आधी चहा टाक, कारण पत्र लांब आहे. स्काईपवर आई ‘जेवलास का’ एवढंच विचारते, मी ‘हो’ म्हणेपर्यंत लाईन जाते आणि मी उपाशी आहे असं ती धरून चालते. म्हणून हे सविस्तर.

इथलं काम आवरत आलं. २००१ पासून अमेरिकेने या देशात जे जे आणून ओतलं ते मोजायचं, धुवायचं, बांधायचं आणि परत न्यायचं. नाहीतर इथेच मोडीत काढायचं. मोजणाऱ्यांत मी आहे. हुद्दा इंग्रजीत भारदस्त, काम कारकुनी. खुर्ची, जनरेटर, कॉफीचं यंत्र, प्रत्येकाला नंबर. प्रत्येक नंबरला १३४८ नावाचा फॉर्म. आणि प्रत्येक फॉर्मवर सही अशा माणसाची हवी, जो गेल्याच महिन्यात ओहायोला परत गेलाय. परवा एक फ्रिज सापडला तो कागदावर नाही, आणि कागदावर एक फ्रिज आहे तो सापडत नाही. मी साहेबांना म्हटलं, दोघांचं जुळवून टाकू. साहेब म्हणाले, नंबर जुळत नाहीत. पत्रिका न जुळल्यामुळे दोन्ही स्थळं अजून तशीच आहेत.

सुरुंग झेलणाऱ्या चिलखती गाड्यांची गोष्ट याहून भारी. एकेक गाडी दहा लाख डॉलरच्या घरातली. परत न्यायचं भाडं परवडत नाही, म्हणून गॅसकटरने कापतात आणि अफगाण भंगारवाल्याला वजनावर देतात. ज्यांचं नशीब थोर, त्यांना अमेरिकेचं तिकीट मिळतं. पण त्याआधी अंघोळ. तिकडच्या शेतीखात्याला इथली माती, इथलं बी, इथला किडा काहीही नको. तासन्‌तास पाण्याचा फवारा मारल्यावर तपासनीस टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतो आणि बोल्टच्या खाचेत बोट फिरवून बघतो. बोटाला माती लागली की गाडी पुन्हा रांगेच्या शेपटीला. आईला सांग, तिच्या तोडीचा माणूस मला पहिल्यांदाच भेटला.

आता ‘आपण’ कोण ते. सौ. आणि चिरंजीव केंटकीतल्या लेक्सिंग्टनला, हे तुला ठाऊक आहे. चिरंजीव जिथे शिकतात त्या केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलचा संघ म्हणजे त्या गावाचं दैवत. सामन्याच्या दिवशी बँकेतला कारकून निळा, दाताचा डॉक्टर निळा, चर्चमधली म्हातारी निळी. शेजारच्या लुईव्हिलशी हाडवैर. तुला जास्त सांगायला नको. फुटबॉलमध्ये तू पाटाकडील तालमीचा, मेव्हणे दिलबहारचे, आणि सामना असला की दोघांना एका पंगतीला बसवायचं नाही हा आपल्या घरचा नियम. तेच आपलं कोल्हापूरचं शाहू स्टेडियम तिकडे वीस-पंचवीस हजार माणसांचं करून वर छप्पर घातलंय, एवढाच फरक.

दर मार्चमध्ये ६८ कॉलेजांची बाद स्पर्धा होते. एकदा हरलात की घरी. सगळा देश सामन्यांआधीच निकालांचा तक्ता भरून ठेवतो. सगळे निकाल बरोबर यायची शक्यता, नाणं उडवून भरलं तर, ९ वर १८ शून्यं यांत एक. यंदा वॉरन बफे यांच्या पाठबळावर बिनचूक तक्त्याला १ अब्ज डॉलरचं बक्षीस लावलं होतं. दुसऱ्या दिवसाअखेर एकही तक्ता शाबूत राहिला नाही. बफे श्रीमंत का आहेत, हे कळायला पुस्तकं वाचायची गरज नाही.

आमच्या तळावरही प्रत्येकाने तक्ता भरला. पैसे मात्र लावता येत नाहीत. ‘जनरल ऑर्डर नंबर १’ म्हणून एक हुकूम आहे, त्यात दारू बंद, जुगार बंद, कुत्रं-मांजर पाळणं बंद. सामन्यांवरच्या पैजांचा उल्लेख तर वेगळा आहे, म्हणजे हुकूम लिहिणारा अनुभवी असावा. शेवटी आम्ही बिस्किटांच्या खोक्यांवर भागवलं. आमचे साहेब ड्यूक विद्यापीठाचे. २१ मार्चला, म्हणजे इथल्या नवरोजच्या दिवशी, जॉर्जियातल्या मर्सर नावाच्या लहानशा कॉलेजाने ड्यूकला ७८-७१ ने घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसातल्या अफगाण कारकुनाने घरून आणलेला हफ्त मेवा सगळ्यांना दिला. जर्दाळू, मनुका, बदाम, अक्रोड असा सात प्रकारचा सुका मेवा पाण्यात भिजवतात. वाटीभर प्यायलं की वर्ष गोड जातं. साहेबांनी दोन वाट्या घेतल्या.

सामने बघणं म्हणजे झोपेशी कंत्राट. अफगाणिस्तानचं घड्याळ आपल्यासारखंच अर्ध्या तासाचं, भारताच्या बरोबर एक तास मागे. लेक्सिंग्टनला रात्रीचे नऊ वाजले की इथे पहाटेचे साडेपाच. तिकडे जेवून सोफ्यावर रेलून बघायचा सामना, इथे तोंडात ब्रश धरून बघावा लागतो. टीव्हीवर सैन्याचं स्वतःचं चॅनल, त्यावर जाहिराती नाहीत. जाहिरातीच्या जागी सूचना: पासवर्ड कुणाला सांगू नका, पाणी भरपूर प्या, नैराश्य आलं तर बोला. शेवटच्या मिनिटाला प्रशिक्षक टाइमआउट घेतो, आमचा जीव टांगणीला लागलेला असतो, आणि पडद्यावरचा गृहस्थ शांतपणे विचारतो, तुम्ही तणावात आहात का?

यंदाचा आपला संघ म्हणजे बहुतेक पहिल्या वर्षाची पोरं. व्यावसायिक लीगमध्ये जायला शाळा सुटून वर्ष व्हावं लागतं, म्हणून ते एक वर्ष कॉलेजात काढायचं आणि उडायचं. आईने विचारलं होतं, ही मुलं अभ्यास कधी करतात? आई, तो प्रश्न तिकडेही अनेकांना पडलाय. पोरांना पगार नाही. शिष्यवृत्ती, जेवण आणि टाळ्या. त्यांच्या मास्तरांना, कॅलिपारी यांना, वर्षाला ५० लाख डॉलरच्या वर.

हंगामाआधी आपल्याला पहिला नंबर दिला होता. मग पोरं दहा सामने हरली आणि स्पर्धेत गटातलं आठवं मानांकन मिळालं. सौ.ने तर टीव्हीचं पॅकेज बंद करायचं ठरवलं होतं. तेवढ्यात पोरांना काय झालं कोण जाणे. विचिटा स्टेट ३५ सामने अजिंक्य राहून आले होते, त्यांना ७८-७६ ने पाडलं. मग लुईव्हिल.

(दादा, आईपुढे वाचताना इथून चार ओळी हवापाण्याच्या आहेत असं सांग.) लुईव्हिलच्या सामन्यात भोंगा झाला. भोंगा म्हणजे बाहेरून कुणीतरी रॉकेट सोडलं. आधी जमिनीवर पालथं पडायचं, मग बंकरमध्ये जायचं. रॉकेट कुठेतरी मोकळ्या मैदानात पडलं. बंकरमध्ये मात्र केंटकीचे तिघे आणि लुईव्हिलचा एक, खांद्याला खांदा लावून, आणि स्कोअर कुणालाच माहीत नाही. बाहेर आलो तेव्हा आपण ७४-६९ ने जिंकलेलो. लुईव्हिलवाला म्हणाला, मी आतच बरा होतो.

पाडव्याच्या पहाटे, अडीच-तीनच्या पुढे, मिशिगनशी बरोबरी होती. शेवटचे दोन-तीन सेकंद उरलेले, आणि ॲरन हॅरिसन नावाच्या पोराने लांबून चेंडू टाकला तो थेट आत. ७५-७२. झोप उडालीच होती, म्हणून उजाडल्यावर गुढी उभारली. तंबूची काठी, केंटकीचा निळा टॉवेल, बेदाण्यांची माळ आणि वर मेसमधला स्टीलचा मग उपडा. कडुलिंब काही मिळाला नाही. मेसची कॉफी प्यायलो, कडूचं काम भागलं. तो स्टीलचा मग सरकारी असल्यामुळे त्याच्या बुडावरचा मालमत्ता नंबर आकाशाकडे तोंड करून झळकत होता. गस्तीच्या पोराने थांबून विचारलं, ही कसली अँटेना? म्हटलं, वर्षातून एकदा लावतो, सिग्नल चांगला येतो. त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. म्हणजे आता गुढीचाही फॉर्म भरावा लागणार.

५ एप्रिलला इथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. आमचा कारकून काबूलला घरी गेला, पावसात रांगेत उभा राहिला आणि शाईचं बोट घेऊन परतला. धमक्या होत्या, तरी माणसं गेली. आठ उमेदवारांत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाही पडली, तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. मी त्याला म्हटलं, म्हणजे तुमच्याकडेही फायनल आहे. तो म्हणाला, आमच्याकडे फायनल बऱ्याच झाल्या, पण कप कुणी घरी नेत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यानेच विषय बदलून धोनीबद्दल विचारलं. त्यांच्या संघाने यंदाच्या टी-ट्वेंटी विश्वचषकात हाँगकाँगला हरवलं, तेव्हापासून तो क्रिकेटमध्ये आमच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतो.

६ तारखेचा दिवस मात्र लिहून ठेवण्यासारखा. पहाटे उपांत्य सामना विस्कॉन्सिनशी. पाच-सहा सेकंद उरले असताना पुन्हा तोच हॅरिसन, पुन्हा लांबून. ७४-७३. लेक्सिंग्टनला विद्यार्थ्यांनी रस्त्यावर सोफे आणून पेटवले. ही तिकडची रीत आहे, जिंकलं की सोफा जाळायचा. सौ.चा मेसेज आला, ‘चिरंजीवांचे मित्र आपल्या सोफ्याकडे बघताहेत.’ मी कळवलं, ‘त्यावर बसून राहा.’

संध्याकाळी मेसमधल्या केरळी आचाऱ्याच्या खोलीत टी-ट्वेंटीची मिरपूरची भारत-श्रीलंका फायनल, तीही हरलो. मल्याळी, नेपाळी, अफगाण आणि कोल्हापूरचा मी. कोहली ७७ आणि युवराज २१ चेंडूंत ११. तुम्ही तिकडे जे बोललात तेच इथे पाच भाषांत बोललं गेलं. सकाळी मिळालेली बिस्किटं मी संध्याकाळी वाटून टाकली.

आणि आज फायनल, कनेक्टिकटशी. त्या कॉलेजाला मागच्या वर्षी अभ्यासात कमी पडल्याबद्दल स्पर्धेतच बंदी होती, हे आईला जरूर सांग. शिक्षा झालेली पोरं पुढच्या वर्षी पहिली आली. त्यांचा नेपियर म्हणून खेळाडू आहे, कधीकधी रात्री उपाशीच झोपावं लागतं असं त्याने पत्रकारांना सांगितलंय. त्याने एकट्याने २२ गुण घेतले. आपण एकदाही पुढे गेलो नाही. फ्री थ्रो म्हणजे कुणी अडवायला नसताना निवांत टाकायचा चेंडू. त्यांनी १० पैकी १० टाकले, आपण २४ पैकी ११ घालवले. फुकट मिळालेलं असं सोडून देणं आपल्या घराण्यात कधी झालं नव्हतं. ६०-५४. विषय संपला.

दादा, दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मला वाटलं होतं, आपण दोन्हीकडे जेवू. जेवतोही. पण मग दोन्ही घरच्या सुतकातही बसावं लागतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. परवा युवराजसाठी, आज हॅरिसनसाठी. कारकून म्हणाला, तुमचं बरं आहे, एक हरलं तर दुसरं असतं. मी त्याला मिरपूरचा आणि आजचा, दोन्ही स्कोअर सांगितले. त्याने हफ्त मेव्याची उरलेली पुडी माझ्या टेबलावर ठेवली.

आता येण्याचं. कंपनीने इथून दुबईपर्यंतची सोय लावलीय. पुढे कुठे हे मी ठरवायचं. सौ. म्हणते थेट लेक्सिंग्टन. आई म्हणते आधी कोल्हापूर. नकाशा आईच्या बाजूने आहे, पण नकाशाला सौ.शी बोलावं लागत नाही. मी सौ.ला कळवलंय की मुंबईमार्गे तिकीट स्वस्त पडतं. तू तेवढं तपासून खरं करून दे. १७ तारखेला आपल्याकडे मतदान आहे; मला मत नाही, पण रांगेत तुझ्याबरोबर उभा राहीन. शाहू स्टेडियमवर सामना असेल तर दोन जागा धर. कुणीही जिंको, मी मध्ये बसेन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आईला शि. सा. न. आणि मी जेवलो.

तुझा,
धाकटा

ता. क. बदाम, मनुका, जर्दाळू घेऊन येतोय. अमेरिकेच्या विमानतळावर खाण्याच्या वस्तूंबद्दल फार प्रश्न विचारतात, तेव्हा पिशवी कोल्हापुरातच रिकामी करायची. सौ. विचारेल, तर कस्टमवाल्यांचं नाव सांगायचं असं आपलं ठरलंय.