रोजच्या वापराची पद्मिनी

सिग्नलला गाडी थांबली की मी इकडेतिकडे बघत नाही. नजर समोर, डावा हात स्टिअरिंगखालच्या गियरच्या दांड्यावर, उजवं कोपर खिडकीबाहेर. लोक बघत असतात, पण आपल्या ते गावीही नाही असा चेहरा ठेवायचा असतो. हा चेहरा जमायला मला आरशासमोर आठवडाभर खपावं लागलं. परवा नळस्टॉपला स्कूटरवरची एक मुलगी टक लावून बघत होती. मी कोपर आणखी दोन इंच बाहेर काढलं. तिनं हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाली, "काका, खालून काहीतरी गळतंय."

ही १९८४ ची प्रीमियर पद्मिनी घेतली तेव्हा मी तीन ठिकाणी तीन कारणं सांगितली. बायकोला सांगितलं, स्वस्तात मिळाली. ऑफिसात सांगितलं, वारसा जपायला हवा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं, पार्किंगची जागा माझी आहे. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. पन्नाशी उलटली की माणसाकडे कुणी वळून बघत नाही. नवी गाडी घेऊनही उपयोग नसतो, कारण आमच्या पार्किंगमध्ये अकरा पांढऱ्या गाड्या आहेत आणि त्यांचे मालकसुद्धा रिमोट दाबून स्वतःची कुठली ते ठरवतात.

मात्र एक अट मी स्वतःला घातली होती. रविवारी पुसायची आणि फोटोपुरती बाहेर काढायची शोभेची गाडी नको, रोज ऑफिसला नेणारी-आणणारी हवी. कायद्याचंही मत तेच पडतं. पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, तिला नंबरात 'व्हीए' अक्षरं असलेली ऐटबाज पाटी मिळते, पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतंच तिनं बाहेर पडायचं. आमची पद्मिनी अजून पन्नाशीला पोचलेली नाही. त्यामुळे मी पन्नाशीनंतर रोज कामाला जातो आणि ती पन्नाशीआधी रोज कामाला जाते, असा समसमा संयोग जुळून आला.

दुरुस्ती घरीच करायची, हेही मीच ठरवलं. यूट्यूबवर एक इटालियन गृहस्थ पद्मिनीचंच मूळ रूप असलेली फियाट अकराशे खोलून दाखवतो. फार सुंदर बोलतो. चार महिन्यांत मला त्यातला 'कार्बुराटोरे' एवढा एकच शब्द कळला, पण तो मी ऑफिसात बऱ्याचदा वापरला. नट ठेवायला घरातला जुना मिसळणाचा डबा घेतला. सात वाट्या, सात मापं. मोहरीच्या वाटीत वायसर, हळदीच्या वाटीत दहा नंबरचे नट. व्यवस्था उत्तम होती. फक्त बायकोनं नवा डबाही त्याच फळीवर ठेवला होता, आणि एका गुरुवारी आमटीत वायसर निघालं. "फोडणी बसली नाही वाटतं," एवढंच ती म्हणाली.

पत्र्याचं काम काढलं तेव्हा खरी गाडी दिसली. वरून मोतिया, त्याखाली निळा, त्याखाली तपकिरी, आणि या सगळ्याच्या खाली लांबी. आधीच्या मालकांनी गंज काढण्याऐवजी त्यावर लांबी भरली होती आणि त्यावर रंग मारला होता. ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं तर सोसायटीची फरशी दिसली. मला धक्का बसला नाही. गेली काही वर्षं मी केसांना जे करतो आहे तेही याहून फार वेगळं नाही.

तेव्हा मिस्त्री बोलावले. वय पासष्टच्या पुढे, दुकान केव्हाच बंद केलेलं, मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. त्यांनी बोनेट उघडलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता काहीतरी गंभीर सांगणार. ते म्हणाले, "तिसऱ्याचं टॅपेट वाजतंय. आणि साहेब, तुम्ही जरा गप्प बसा."

पुढे पॉइंट सेट करायची वेळ आली. डिस्ट्रिब्युटरमधले हे दोन ठिपके एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतरावर उघडायला हवेत. जास्त उघडले तर इंजिन मिसिंग मारतं, कमी उघडले तर पॉइंट जळतात. माझ्याकडे नवंकोरं फिलर गेज होतं. मिस्त्रींनी त्याकडे पाहिलंही नाही. "व्हिजिटिंग कार्ड आहे का?" मी तत्परतेनं काढून दिलं. सोनेरी अक्षरं, वरिष्ठ उपमहाव्यवस्थापक वगैरे. त्यांनी हुद्द्याच्या बाजूनं कोपरा फाडला, पॉइंटमध्ये सरकवला, स्क्रू आवळला. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. "कार्ड अगदी बरोबर जाडीचं आहे तुमचं," ते म्हणाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हुद्द्याचा इतका थेट उपयोग कुणाला झालेला नव्हता.

गळतीचंही सांगतो, नाहीतर नळस्टॉपची मुलगी मनात राहायची. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. १९८४ साली या गाडीच्या रबरी नळ्या करणाऱ्याला याची कुणी कल्पना दिली नव्हती. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि टाकीतला गंज सुटून कार्बुरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. मी साताऱ्याकडचा, उसाबद्दल मला नितांत आदर आहे. पण चाळिशीनंतर अचानक प्यायला लागलेल्या माणसाचं जे होतं तेच हिचं झालं. सकाळी लवकर उठेना, दुपारी तापे, आणि जाईल तिथे ठिबके. नळ्या बदलल्या, पंपाचा पडदा बदलला, फिल्टर घातला. आता ती बेतानं घेते.

आता जरा त्या त्रिकोणी काचेबद्दल बोलू द्या. विषय सुटतोय हे मला कळतंय, पण मी ही गाडी घेतली ती निम्मी या काचेसाठी.

ज्यांनी पद्मिनीत कधी प्रवास केलेला नाही त्यांना हे सांगणं अवघड आहे. पुढच्या दाराच्या खिडकीत, आरशापाशी, एक छोटी त्रिकोणी काच असते. तिला खाली बोटभर खिट्टी. ती फिरवून काच ढकलली की काच उभ्या खिळ्यावर दारासारखी वळते. बोटभर उघडली तर ती आतली कोंदट हवा ओढून बाहेर टाकते. अर्धी उघडली तर शर्टाच्या कॉलरपाशी गारवा येतो. आणि पूर्ण उलटी फिरवली, की समोरचा वारा ओंजळीत धरल्यासारखा थेट तोंडावर येतो. एसीचा वारा सगळ्यांना सारखाच लागतो. हा वारा ज्याचा त्याचा असतो, आणि तो किती घ्यायचा हे बोटाच्या पेरानं ठरतं. या फटीतून बसचं तिकीट सोडता येतं, चिंचोके टाकता येतात, टोलवाल्याशी बोलता येतं, आणि पाऊस असला तरी काच धुकट होत नाही. एवढी गुणी काच. मग एसी आला आणि तिचं काम संपलं. हल्लीच्या गाड्यांतही तिथे एक त्रिकोण असतो, पण तो उघडत नाही. निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून ठेवलेल्या माणसासारखा नुसता दिसायला.

आमच्या लहानपणीच्या पद्मिनीत पुढे एकसलग बाक होता. उजवीकडे अण्णा, डावीकडे आई, मधे मी. आईला गाडी लागायची. पुण्याहून साताऱ्याला जाताना कात्रज ती कशीबशी काढायची, पण खंबाटकी सुरू झाला की तिचा पदर तोंडावर जायचा. अण्णा बोलायचे नाहीत. गाडी थांबवायचे नाहीत, कारण घाटात थांबवली तर ती पुन्हा चढायची नाही. दुसऱ्या वळणानंतर त्यांचा डावा हात गियर सोडून माझ्या नाकासमोरून पलीकडे जायचा आणि आईच्या बाजूची त्रिकोणी काच उलटी करायचा. बाहीला पेट्रोलचा आणि लाइफबॉयचा वास असायचा. आई काही म्हणायची नाही, अण्णाही नाही. वळण आलं की हात परत गियरवर. त्या दोघांनी एकमेकांचा हात धरलेला मी कधी पाहिला नाही. मी फक्त ती काच फिरताना पाहिली आहे, प्रत्येक खेपेला, दुसऱ्या वळणानंतर. ती गाडी १९९६ साली भंगाराच्या भावात गेली. अण्णा त्यानंतर दहा वर्षांनी.

तर, दुरुस्ती पूर्ण झाल्यावर पहिल्या फेरीला मी आईला बसवलं. मनात बरंच काही होतं. बंपरला नवीन क्रोम केलं होतं, त्याचे पैसे ऐकून बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. सीटला जुन्या नमुन्याची कव्हरं शिवून घेतली होती. आई आता डोळ्यांत पाणी आणणार, आणि मी 'त्यात काय एवढं' असं म्हणणार, अशी तयारी होती. ती बसली. क्रोमकडे तिनं बघितलं नाही. कव्हरंही तिला दिसली नाहीत. चांदणी चौकाचा चढ लागला तसा तिचा अंगठा, न बघता, खिडकीच्या कोपऱ्यात गेला आणि नुसताच फिरला. तिथे खिट्टी नव्हती. ती आधीच तुटलेली होती, काच शिट्ट्या मारायची, म्हणून मी एम-सील भरून ती कायमची बंद करून टाकली होती.

"ही उघडत नाही का रे?" तिनं विचारलं.

"शोधतोय खिट्टी," मी म्हणालो. शोधत नव्हतो.

त्या रात्री मला स्वतःचा बराच राग आला. जे रस्त्यावरून दिसतं त्यावर मी हजारो रुपये घातले होते. आत बसणाऱ्याच्या बाजूला मात्र मी तेच केलं होतं, जे आधीच्या मालकांनी गंजाला केलं होतं. भोक दिसलं, बुजवलं.

दुसऱ्या दिवशी एम-सील खरवडून काढलं आणि खरंच शोधायला लागलो. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार, मधे नाना पेठ, एकदा मुद्दाम कुर्ला. सगळीकडे एकच उत्तर. मुंबईत टॅक्स्या होत्या तोवर माल होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला, वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. ती गेली तसे तिच्यावर जगणारे स्पेअरवालेही दुसऱ्या मालाकडे वळले. तरी मला खिट्ट्या मिळाल्या. तीन. तिन्ही उजव्या बाजूच्या. डावीची घडण उलटी असते, उजवी तिथे बसत नाही. डावी कुठेच नाही. माझा आपला अंदाज असा, की सगळ्या डाव्या खिट्ट्या घाटांत झिजून संपल्या असाव्यात.

सध्या त्या जागी मिस्त्रींनी सायकलच्या तारेचा आकडा करून दिला आहे. काच उघडते, पण वाऱ्यानं आपोआप मिटते. आई ती हातानं धरून बसते.

बाकी गाडी रोज ऑफिसला जाते. आठ महिन्यांत चारदा रस्त्यात थांबली. एकदा पॉइंट, एकदा पट्टा, एकदा पंप तापून पेट्रोलची वाफ झाली म्हणून, तेव्हा रसवंतीवाल्याकडून ओलं फडकं घेऊन पंपावर टाकलं. चौथ्यांदा पेट्रोल संपलं होतं, ते मी घरी सांगितलेलं नाही. रोज सकाळी सात मिनिटं लागतात. तेलाची पट्टी ओढून बघायची, पाणी बघायचं, ब्रेकचं तेल बघायचं, पट्टा अंगठ्यानं दाबायचा. ही सात मिनिटं चुकवली नाहीत तर ती दगा देत नाही. मी हे अभिमानानं सांगत होतो तेव्हा बायको चहा गाळत होती. म्हणाली, "तिचं तेलपाणी रोज विचारतोस. माझं काय, पंधरा वर्षांनी एकदम पासिंग?" दुसऱ्या दिवसापासून आठ मिनिटं लागतात.

सिग्नलला मी अजूनही समोर बघतो आणि कोपर बाहेर काढतो. एवढ्यात ते सुटणार नाही.

मात्र वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर, गॅरेजात किंवा जुन्या हत्यारांच्या डब्यात पद्मिनीच्या डाव्या त्रिकोणी काचेची खिट्टी पडली असेल तर कृपा करून फेकू नका, मला कळवा. गंजलेली चालेल. क्रोम उडालेलं चालेल. बदल्यात उजव्या तीन देईन. जरा लवकर कळवा. आई एक्क्याऐंशीची आहे आणि दिवाळीनंतर तिला साताऱ्याला जायचं आहे, खंबाटकीमार्गे.