शहाण्णवावा किलोमीटर

मुंबईत नोकरी करणारी बायको आणि पुण्यात नोकरी करणारा नवरा यांनी एकच घर विकत घ्यायचे ठरवले, की पैशाच्या आधी भूगोलाचा प्रश्न उभा राहतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते पुणे हे रेल्वेचे अंतर १९२ किलोमीटर. न्यायाने वागायचे तर घर बरोबर मध्ये हवे, म्हणजे शहाण्णवाव्या किलोमीटरवर. शहाण्णव या आकड्याला महाराष्ट्रात कुळांमुळे मोठा मान आहे, पण या जागी भिवपुरी रोड आणि कर्जत यांच्या मधली भाताची खाचरे आहेत. त्यातही नवऱ्याची कंपनी ‘पुण्यात’ म्हणजे बहुधा पिंपरी-चिंचवडमध्ये असते. तेवढी दुरुस्ती केली की मध्य सात-आठ किलोमीटर मुंबईकडे सरकतो आणि नेरळच्या आसपास येतो. नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुटते. ती १९०७ पासून डोंगर चढते आहे, परंतु दोघांपैकी कोणाचेही ऑफिस माथेरानला नसल्याने तिचा उपयोग नाही.

किलोमीटरचा मध्य आणि वेळेचा मध्य एक नसतो, याला कारण बोरघाट. कर्जत ते लोणावळा या अठ्ठावीस किलोमीटरांत गाडीला सुमारे साडेपाचशे मीटर चढायचे असते आणि चढ सदतीसास एक असा आहे. त्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे ढकलणारी इंजिने लागतात. त्यांना बँकर म्हणतात. घाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याआधी १८५८ पासून खंडाळा ते पुणे गाडी धावत होती आणि मुंबईकडून खोपोलीपर्यंतही धावत होती, पण मधला घाट लोक पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून ओलांडत. म्हणजे दोन टोकांना उत्तम सोय आणि मध्ये हाल, ही या मार्गाची परंपरा दोनचार वर्षांची नव्हे. पुढेही १९२९ पर्यंत घाटात एका ठिकाणी गाडी थांबून दिशा बदलत असे. जे तोंड ते शेपूट आणि शेपूट ते तोंड. घर शोधणाऱ्या दांपत्यांची चर्चा साधारण याच ठिकाणी येऊन उलटी फिरते, फक्त ती १९२९ नंतरही फिरत राहिली आहे.

घरपाहणीचा प्रवास रविवारी करतात आणि तो रीतीप्रमाणे मुंबईच्या टोकाकडून सुरू होतो, कारण बायको म्हणते, “आधी माझ्याकडचं बघू, मग तुझ्याकडचं.” पहिला मुक्काम कल्याण. मुंबईपासून चौपन्न किलोमीटर, पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना थांबा, शाळा, दवाखाने, दोन्ही बाजूंचे नातेवाईक, सगळे आहे. पण नवऱ्याच्या वाट्याला रोज एका बाजूने सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास येतात. तो काहीच बोलत नाही. फलाटावरच्या वेळापत्रकाकडे मान वर करून पाहत राहतो. कल्याण तिथेच रद्द होते.

बदलापूरला सँपल फ्लॅट असतो. सँपल फ्लॅटमधला पलंग खऱ्या पलंगापेक्षा आखूड असतो हे सर्वांना माहीत असते आणि तरीही त्यावर बसून सर्वजण खोली मोठी असल्याचे कबूल करतात. बाल्कनीतून डोंगर दिसतो. “स्टेशनपासून सात मिनिटं,” असे विक्री विभागातला तरुण सांगतो. ही मिनिटे मोटारसायकलची, पहाटे तीनची आणि फाटक उघडे असतानाची असतात. बदलापूरची लोकल मुंबईकडे निघताना भरलेलीच येते, म्हणून बसायला जागा हवी असणारे काही जण आधी उलट्या दिशेने कर्जतकडे जातात आणि त्याच गाडीने बसून परततात. मुंबईला पोचण्यासाठी पुण्याकडे निघणे ही युक्ती दोन शहरांत विभागलेल्या दांपत्याला फार आवडते. निदान काही स्थानकांपुरता तरी दोघांचा प्रवास एका दिशेने होतो. पावसाळ्यात मात्र उल्हास नदीचा विचार करावा लागतो. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या मध्ये पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवासी होड्यांतून बाहेर काढावे लागले. जाहिरातीत ‘नदीकाठचे निसर्गरम्य वातावरण’ असते. नदी किती जवळ, याचा आकडा नसतो.

कर्जत हे तत्त्वतः आदर्श ठिकाण. शंभरावा किलोमीटर, मुंबई लोकलची हद्द, घाटाचा पायथा. बायकोला इथून रिकामी लोकल मिळते, खिडकीही मिळते, आणि खिडकीत बसून दोन-सव्वादोन तास घालवायलाही मिळतात. नवऱ्याची गोष्ट वेगळी. सकाळी पुण्याकडे चढणाऱ्या गाड्या मोजक्या. त्या बँकर लावायला थांबतात खऱ्या, पण तोवर डब्यात मुंबईकर बसलेले असतात आणि दारात उभे राहिलेल्याला बटाटावडा घ्यायला हात मोकळा राहत नाही. कर्जतचा वडा हा बँकर इंजिनाचा उपपदार्थ आहे. गाडी ढकलायला वेळ लागतो म्हणून थांबते, थांबते म्हणून वडा खपतो. वंदे भारत एक्सप्रेस २०२३ पासून बँकरशिवाय घाट चढते. ती कर्जतला थांबत नाही आणि तिच्यातल्या प्रवाशांना वडाही मिळत नाही. प्रगतीचे मोजमाप कशाने करावे, यावर कर्जतच्या फलाटावर दोन मते आहेत. खोपोलीची फांदी कर्जतहून फुटते आणि घाटाच्या भिंतीपाशी संपते. तिथले घर स्वस्त का, हे नकाशा पाहिला की कळते.

रेल्वेवर रुसलेले दांपत्य मग रस्त्याकडे वळते आणि पनवेलला येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा. २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला. नवऱ्याची कंपनी हिंजवडीत असेल तर पनवेलहून शिवनेरी बसने किंवा वाटून घेतलेल्या मोटारीने किवळ्यापर्यंत तो लवकर पोचतो, आणि तिथून हिंजवडीच्या फाटकापर्यंतच्या थोड्या अंतरात उरलेला वेळ काढतो. बायकोसाठी हार्बर लोकल आहे. जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही आहे, २१.८ किलोमीटर, शिवडीपासून थेट पलीकडे. उलवे आणि पनवेलच्या सगळ्या जाहिरातींत तो पूल असतो, इमारत कधीकधी नसते. पुलावर दुचाकीला बंदी आहे, द्रुतगती मार्गावरही आहे. घरात एकच मोटार असेल तर ती कोणी न्यायची हा प्रश्न घराच्या हप्त्याहून मोठा होतो. शुक्रवारी संध्याकाळी खंडाळ्याच्या घाटात मोटारी चिकटून उभ्या राहतात, तेव्हा नवरा फोनवर “अमृतांजन पूल होता तिथे आहे” असे सांगतो आणि तासाभराने पुन्हा तेच सांगतो. पहिले वाक्य माहिती असते, दुसरे तक्रार. या मार्गावर खाण्यापिण्याचे मॉल दोन्ही बाजूंना आहेत. एक मुंबईकडून आणि एक पुण्याकडून निघाले तर ते एकाच वेळी चहा पिऊ शकतात, पण एकत्र पिऊ शकत नाहीत. मध्ये दुभाजक असतो आणि हवे तिथे वळता येत नाही.

घाट चढून आले की लोणावळा. इथे वेळेचे गणित प्रथमच जुळते. डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून धावते आहे. पुण्याहून ती सकाळी सव्वासातला सुटते, लोणावळ्याला सव्वाआठच्या सुमारास येते आणि साडेदहाच्या आत मुंबईला पोचते. नवऱ्यासाठी लोणावळा-पुणे लोकल, चिंचवड तासाभरावर. बायकोला सव्वादोन तास, नवऱ्याला एक. हा फरक नवरा स्वयंपाक करून भरून काढेल, असा करार लोणावळ्याच्या फलाटावर अनेकदा तोंडी झालेला आहे. तो नोंदणीकृत नसतो.

डेक्कन क्वीनमधला पासधारकांचा डबा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. वर्षानुवर्षे अप-डाउन करणाऱ्यांच्या जागा कुठेही लिहिलेल्या नसतात आणि सर्वांना पाठ असतात. नव्याने आलेल्या बाईंनी पहिले काही आठवडे उभे राहायचे, मग कोणाच्या तरी रजेच्या दिवशी बसायचे, आणि कोणी निवृत्त झाले की त्या जागेच्या मालक व्हायचे. घर घेण्यापेक्षा ही जागा मिळायला अधिक काळ लागतो आणि तिला स्टँप ड्युटी नसते. दर १ जूनला पुणे स्थानकात गाडीचा वाढदिवस होतो; डब्यातल्या मंडळींना तो आठवणीने लक्षात राहतो, घरातले वाढदिवस मात्र गाडीत बसल्यावर आठवतात. संध्याकाळी ही गाडी मुंबईहून पाच वाजून दहा मिनिटांनी निघते. त्यासाठी ऑफिसातून पावणेपाचला उठावे लागते, आणि साहेब नेमके साडेचारला “जरा एक मिनिट” म्हणतात.

लोणावळ्याचे दोन दोष पाहणीच्या रविवारी दिसत नाहीत. कारण पाहणारे स्वतःच त्यांपैकी एकाचा भाग असतात. सोमवार ते शुक्रवार गाव शांत असते, तेव्हा दांपत्य गाडीत असते. शनिवार-रविवार दांपत्य घरी असते, तेव्हा मुंबई आणि पुणे दोन्ही लोणावळ्यात असतात. दूध आणायला गेलेला नवरा चिक्कीच्या दुकानांपुढच्या रांगेत अडकतो आणि मोटारीच्या काचेतून त्याला कोणीतरी भुशी धरणाचा रस्ता विचारते. दुसरा दोष पाऊस. मुंबईच्या जवळजवळ दुप्पट पाऊस इथे पडतो. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला श्रावणापूर्वी हिरवी लव येते, पापड वातड होतात आणि माचिस फ्रीजवर ठेवावी लागते. घाटात दरड कोसळली की गाड्या रद्द होतात. त्या दिवशी बायको मुंबईतच मावशीकडे मुक्काम करते, नवरा घरी खिचडी करतो आणि तोंडी करार फक्त स्वतःपुरता पाळला जातो.

मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव ही स्थानके लोकलच्या खिडकीतून सुंदर दिसतात. इंद्रायणीचा काठ, भाताचा वास, उसळलेले हिरवे डोंगर. इथे घरापेक्षा प्लॉट अधिक विकले जातात. प्लॉट दाखवणारा गृहस्थ हाताने क्षितिजाकडे वर्तुळ काढतो. त्यातला नेमका कोणता तुकडा, हे सातबारा पाहिल्यावर समजते, आणि सातबारावरची नावे मोजता मोजता पुढची लोकल येते.

शेवटी बहुतेक जोड्या तळेगावला उतरतात. पुण्यापासून चौतीस किलोमीटर. हवा चांगली, पाऊस बेताचा, आणि ‘गाव’ म्हणवून घेण्याची सवय अजून गेलेली नाही. लोकांकडून एकेक पैसा वर्गणी गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये इथेच निघाला. गृहकर्जाचा हप्ता जमवताना ही गोष्ट धीर देते. नवऱ्याला चिंचवड वीस-पंचवीस मिनिटांवर. मात्र मुंबईच्या बहुतेक जलद गाड्या तळेगावाकडे न पाहता निघून जातात. त्यामुळे बायकोला सकाळी एक तर लोकलने लोणावळ्याला जाऊन गाडी पकडावी लागते, नाही तर आधी उलट चिंचवडला येऊन सिंहगड एक्सप्रेस धरावी लागते. सिंहगड पुण्याहून सहाच्या सुमारास निघते, म्हणजे चहा पाचच्या आधी. बदलापूरला शिकलेली युक्ती इथे अशी उपयोगी पडते. तळेगाव न्याय्य नाही हे दोघांनाही कळते. बायकोचा प्रवास नवऱ्याच्या काही पट होतो, आणि याच मुद्द्यावर घरपाहणी पुन्हा कल्याणपर्यंत मागे जाते.

यावर अलीकडे उपाय निघाला आहे. अनेक कार्यालये २०२० नंतर आठवड्यातले काही दिवस घरून काम करू देतात. तेव्हा किलोमीटरला दिवसांनी गुणतात. बायको आठवड्यातून दोनदाच मुंबईला जाणार असेल आणि नवऱ्याला कारखान्यात सहाही दिवस हजर राहावे लागत असेल, तर गुणाकारातला फरक बराच कमी होतो आणि तळेगाव अचानक न्यायाच्या जवळ येते. हा गुणाकार साधारणपणे नवरा करतो. बायको त्यात गाडी चुकण्याचे दिवस, साहेबांची अचानक बैठक आणि उभ्याने केलेल्या प्रवासाला दीडपट, अशा दुरुस्त्या सुचवते. मुलाची शाळा आणि त्याला सांभाळणारी आजी हे दोन आकडे नंतर येतात आणि सगळे समीकरण आजीच्या गुडघ्यांवर येऊन थांबते. इमारतीला लिफ्ट आहे का, हा तिचा एकच प्रश्न असतो आणि निर्णय बहुधा त्याच प्रश्नावर होतो.

जागा ठरली की घर कोणाच्या नावावर, हे ठरवायचे. महाराष्ट्रात २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नवऱ्याचे नाव जोडले की ती जाते. उलट दोघे सहमालक आणि सहकर्जदार असतील, तर जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट दोघांनाही घेता येते. एका बाजूला एकदाचा एक टक्का, दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षांची वजावट. हा हिशेब लोकलमध्ये मोबाइलवर मांडला जातो आणि बेगडेवाडी ते देहू रोड एवढ्या अंतरात पुरा होत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, चटई क्षेत्र आणि ताब्याची तारीख पाहून घेतात. पाण्याचा टँकर किती दिवसांनी येतो, हे मात्र आधीपासून राहणाऱ्या वॉचमनलाच विचारावे लागते.

दस्तनोंदणीसाठी दोघांनाही एकाच दिवशी रजा टाकावी लागते. बायको मुंबईकडून येते, नवरा पुण्याकडून, आणि दोघांच्याही गाड्यांना उशीर झालेला असतो. कार्यालयात छायाचित्र काढतात, अंगठे घेतात आणि ओळख पटवायला दोन साक्षीदार मागतात. ते बहुधा पासधारकांच्या डब्यातले असतात. नवरा-बायको दोघांनाही ओळखणारे आणि कामाच्या दिवशी सकाळी अकराला मावळ तालुक्यात सापडणारे दुसरे कोणी नसते.