हजार किलोमीटरला अर्धा लिटर

अकोटात गाडीबद्दल काहीही बोललेलं चालतं. जुनी झाली म्हणा, अ‍ॅव्हरेज देत नाही म्हणा, रंग उडाला म्हणा. फक्त 'तेल पिते' एवढं म्हणू नका. ते ऐकून मालकाचा चेहरा असा होतो, की सोयरिकीच्या बैठकीत कोणीतरी पोराच्या पिण्याचा विषय काढला. सायलेन्सरच्या धुरात निळी झाक दिसली, की ट्रॅक्टर असो नाही तर मोटारसायकल, निदान ठरलेलं : रिंगा गेल्या. उपचारही ठरलेला : इंजिन उतरवा, बोअर करा, नवा पिस्टन टाका. कपाशीचा चुकारा आला की पैसे देतो, हेही ठरलेलंच.

अशा गावात दिवाळीला माझा भाचा पुण्याहून त्याची जर्मन गाडी घेऊन आला. साडेतीनशे घोड्यांची. इतके घोडे नरनाळ्याच्या किल्ल्यावर तरी एका वेळी बांधले असतील का, कोणास ठाऊक. दारात उभी राहते न राहते तोच तिच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला : एक लिटर ऑईल घाला. गाडी घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती. मी काळजीत पडलो. तो शांत.

"मामा, नॉर्मल आहे. पुस्तकातच लिहिलंय."

पुस्तक पाहिलं. खरंच लिहिलं होतं, हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत तेल जळणं सर्वसाधारण समजावं. काही कंपन्या तर लिटरापर्यंत सैल सोडतात, असंही तो अभिमानाने म्हणाला. आमच्याकडे ज्या दुखण्यासाठी इंजिन खोलतात, ते जर्मनीत पान नंबर टाकून छापतात.

यात थोडं तथ्य आहे, हे कबूल करायला हवं. पिस्टनला सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोघी जळत्या वायूचा दाब खाली सुटू देत नाहीत. तिसरी सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल खरवडून परत खाली तेलाच्या चेंबरमध्ये पाठवते. पण तिने सगळंच खरवडून चालत नाही. भिंत कोरडी पडली तर इंजिन जाम. म्हणून नजरेला दिसणारही नाही असा एक थर मागे राहतो, आणि वर जाळ झाला की त्यातला काही भाग जळतो. साध्या गाडीत हा खर्च कोणाच्या लक्षात येत नाही. पण मिनिटाला आठ हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टन सेकंदाला शंभरावर वेळा वरखाली होतो, आणि मग थेंबाथेंबाचा लिटर होतो. त्यात घर्षणात ताकद वाया जाऊ नये म्हणून अशा इंजिनात रिंगांची पकड मुद्दाम हलकी ठेवतात. तापल्यावर पिस्टन फुगणार, म्हणून त्याला जागाही थोडी जास्त देतात. जोरात पळवून एकदम रेस सोडली, की इंजिन श्वास ओढल्यासारखं वाल्वच्या दांड्यांवरून तेल आत ओढतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, तोही तेलावरच तरंगत. म्हणजे तेल पिणं हे इथे म्हातारपण नसून भर तारुण्य आहे.

तरीही माझा संशय जात नाही. चांगलं इंजिन अर्ध्या लिटरपेक्षा पुष्कळच कमी पितं. पुस्तकातला तो आकडा इंजिनाच्या तहानेचा नसावा, वॉरंटीत हात वर करायला ठेवलेली ती जागा असावी.

वेगाचं आणि तेलाचं हे नातं जुनं आहे. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक लढाऊ विमानांत सिलिंडरांसकट अख्खं इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरत असे. फ्रान्सच्या सेगँ बंधूंचं नोम हे त्यातलं नावाजलेलं. वंगण म्हणून त्याला एरंडेल लागायचं, कारण ते पेट्रोलात सहज मिसळत नाही. आणि एकदा आत गेलेलं तेल परत गोळा करायची सोयच नव्हती. काही जळायचं, उरलेलं बाहेर उडायचं. बाहेर म्हणजे मागे बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर. एरंडेल पोटात गेल्यावर पुढे काय होतं, ते आजीच्या तावडीत बालपण गेलेल्यांना सांगायला नको. समोरून शत्रू, आतून एरंडेल, आणि उतरायला मैदान लांब.

तोच एरंड आमच्याकडे कोणी न लावता धुऱ्यावर उगवतो. त्याच्याच तेलाच्या वंगणावर इथल्या बैलबंड्या चालल्या. आस कुरकुरला की धुरकरी उतरून वंगण घालायचा. बंडी तेल पिते म्हणून तिची बदनामी झाल्याचं ऐकिवात नाही.

फॉर्म्युला वनवाल्यांनी तर कमाल केली. पेट्रोल किती वापरायचं त्यावर बंधन होतं, तेलावर नव्हतं. मग तेलच जाळून तेवढी जास्त ताकद काढू लागले. आमच्याकडे पेट्रोलात रॉकेल मिसळणाऱ्याला पोलीस धरतात, तिथे तेल जाळणाऱ्यांसाठी नियम करावा लागला. २०१८ साली शंभर किलोमीटरला ०.६ लिटर ही मर्यादा आली आणि २०२० मध्ये ती निम्मी झाली.

वेगात आमचा मुलूखही अगदीच मागे नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झाला आणि गिनीज बुकात नाव गेलं. अकोटचा त्यात नंबर लागला नाही. अकोल्याहून येताना भाच्याचे साडेतीनशे घोडे कपाशीच्या ट्रॉलीमागून दुसऱ्या गिअरमध्ये चालत आले. तेल जळालं ते समृद्धी महामार्गावर. त्यालाही कारण आहे. पुण्यात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, थोडं पेट्रोल झिरपून तेलात उतरतं आणि पातळी भरल्यासारखी दिसते. महामार्गावर इंजिन तापलं की ते पेट्रोल उडून जातं आणि खरी पातळी उघडी पडते.

आता ऑईल आणायचं. डब्यावर १०डब्ल्यू-६० लिहिलेलं पाहिजे म्हणे. अंजनगाव रोडच्या दुकानात मोटारसायकलचं २०डब्ल्यू-४० होतं, ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० होतं, पेंडीची पोतीही होती. हे नव्हतं. दुकानदार म्हणाला, "अकोल्याले भेटलं त भेटलं, नाही त नागपूर." तोवर गाडी आमच्या मिस्त्रीला दाखवू, असं मी म्हटलं. भाच्याला ते फारसं रुचलं नाही, पण मामा म्हटल्यावर काय करणार.

मिस्त्रीने आधी अर्धा लिटरची गोष्ट ऐकून घेतली.

"हजारले अर्धा लिटर? मंग माहा ट्रॅक्टर त शोरूममधलाच म्हना, भाऊ!"

बॉनेट उघडलं. आत इंजिन दिसेना, नुसतं काळं प्लास्टिक. मिस्त्रीने खिशातून चिंधी काढली, तिची घडी बदलून स्वच्छ बाजू वर घेतली आणि पट्टी शोधायला वाकला. त्याची रीत मला ठाऊक आहे. पट्टी ओढायची, पुसायची, परत घालून काढायची, उजेडाकडे धरायची. मग तेलाचा थेंब अंगठ्यात आणि बोटात चोळून नाकाशी न्यायचा. त्या वासावरून तो इंजिनाचं सांगतो ते सहसा चुकत नाही. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, प्लास्टिकच्या फटीत बोट घालून पाहिलं.

"पट्टी कुठी हाये?"

"काका, या गाडीला पट्टी नसते. पडद्यावर दिसतं."

मिस्त्री ताठ उभा राहिला. पडद्याकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं, चिंधी परत खिशात घातली.

"कितीले घेतली म्हने?"

भाच्याने आकडा सांगितला.

"एवढ्या पैशात कंपनीनं एक पट्टी त द्याची होती बाप्पा," मिस्त्री म्हणाला. मग नागपूरचं ऑईल येईपर्यंत गाडी फार तानायची नाही, आणि येईना तर दुसरं चांगलं ऑईल थोडं टाकायचं पण कोरडी चालवायची नाही, असं बजावून तो शेजारच्या स्वराज ट्रॅक्टरचा फिल्टर उतरवायला गेला.