सोफ्यावरून डिफेन्सिव्ह एंड कसा पारखावा

फेब्रुवारी सरता सरता अमेरिकेत चांगल्या कर्त्यासवरत्या माणसांना एक ज्वर चढतो. कुठल्या तरी विद्यापीठातल्या एकवीस-बावीस वर्षांच्या, सव्वासहा फुटी, सव्वाशे किलोच्या पोराचा हात खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत किती इंच भरला, यावरून ही माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. ह्यूस्टन, डॅलस, न्यू जर्सीकडे घरं केलेल्या मराठी मंडळींनाही आता ही लागण झाली आहे. मंडळाच्या गुढीपाडव्याला श्रीखंडाची वाटी हातात घेऊन कोणी तरी ऑफिसात ऐकलेलं वाक्य सोडून देतो, "पोरगा दांडगा आहे हो, पण बेंड नाही." बाकीचे गंभीरपणे माना डोलावतात. तुम्ही एकटेच पुरीकडे बघत बसता. अशा उपेक्षितांसाठी प्रस्तुत मार्गदर्शन. पूर्वानुभवाची अट नाही. स्वतः कधी हा खेळ खेळला असाल तर मात्र पंचाईत होईल, कारण खेळलेल्या माणसाला शंका येतात.

आधी प्रकरण काय आहे ते समजून घ्या. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाचा सूत्रधार क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच दांडग्यांची भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही टोकांना दीडशे किलोच्या घरातला एकेक टॅकल. डिफेन्सिव्ह एंड म्हणजे समोरच्या, बचावाच्या रांगेच्या टोकाचा गडी. टॅकलला ढकलून, चकवून किंवा वळसा घालून त्याने क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं आणि चेंडू फेकला जायच्या आत त्याला आडवा करायचं. याला म्हणतात सॅक. सगळ्यासाठी मिळून वेळ अडीच-तीन सेकंद. 'सॅक' हा शब्द ज्याने रूढ केला त्या डीकन जोन्सच्या नावावर अधिकृत सॅक एकही नाही. तो 1974 मध्ये निवृत्त झाला आणि एनएफएल या व्यावसायिक लीगने सॅक मोजायला घेतले 1982 मध्ये. 1961 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे विद्यापीठातल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तो चौदाव्या फेरीत निवडला गेला होता. आता फेऱ्याच सात असतात, म्हणजे आज त्याला कोणी बोलावलंही नसतं. ही माहिती फक्त स्वतःपाशी ठेवा. तज्ज्ञाने असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

ड्राफ्ट एप्रिलच्या अखेरीस. 32 संघ क्रमाने विद्यापीठातले खेळाडू उचलतात. गेल्या हंगामात ज्याची सर्वांत जास्त धूळधाण झाली त्याचा नंबर पहिला. गरिबाला न्याय मिळावा ही भावना उदात्तच आहे. फक्त जो संघ निवड चुकवून चुकवूनच तळाला गेला, त्यालाच पुन्हा पहिली निवड करायला देतात, एवढीच काय ती गंमत.

आता पारख. ती सुरू होते इंडियानापोलिसमध्ये. 1987 पासून तिथे दरवर्षी 'कम्बाइन' भरतो. निमंत्रित खेळाडूंची उंची इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजतात. वजन करतात. पंजा ताणायला लावून अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर घेतात. आपल्याकडच्या बैलबाजाराची आठवण झाली तर ती दाबू नका, तिथले खेळाडूही साधारण हेच म्हणतात. पण बैलबाजारातला व्यापारी आधी दात बघतो, आणि इथे पट्टी फिरते ती हातावरून. रिचर्ड डेंटला याचाच फटका बसला. टेनेसी स्टेटचा हा पोरगा अंगाने किरकोळ म्हणून 1983 मध्ये आठव्या फेरीपर्यंत पडून राहिला, 203 वा. शिकागो बेअर्सनी नेल्यावर कळलं की याचे दात खराब आहेत, धड खाताच येत नाही. त्यांनी दात दुरुस्त करून दिले, वजन भरलं, आणि 1986 च्या जानेवारीत सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू हाच ठरला.

हाताची लांबी मात्र तज्ज्ञाने मनावर घ्यायचीच असते. 33 इंच ही लक्ष्मणरेषा समजा. तिच्या आत हात आखूड. टॅकल आधी छातीवर पंजा ठेवील आणि खेळ खल्लास, असा युक्तिवाद आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. 2022 मध्ये मिशिगनच्या एडन हचिन्सनचा हात 32 इंचांहून जेमतेम आठवा भाग जास्त भरला. जॉर्जियाच्या ट्रेव्हॉन वॉकरचा साडेपस्तीस. हचिन्सनने त्याआधीच्या हंगामात 14 सॅक केले होते, वॉकरने 6. जॅक्सनव्हिलने पहिला क्रमांक वॉकरला दिला. पुढे हचिन्सन डेट्रॉइटला गेला आणि पहिल्याच वर्षी त्याने साडेनऊ सॅक केले. वॉकरचे साडेतीन झाले. वॉकर नंतर सुधारला, दोन आकडी झाला. यावरून हातांबद्दल काय सिद्ध होतं असं कोणी विचारलं तर वाटीतलं श्रीखंड संपवा आणि उठा.

मोजमाप झालं की पळणं. 40 यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, सरळ रेषेत, अंगावर ना हेल्मेट ना पॅड, समोर कोणी नाही. डिफेन्सिव्ह एंडवर प्रत्यक्ष सामन्यात एवढं अंतर सरळ पळायची वेळ येते ती बहुधा चेंडूवाला त्याच्या हातून निसटल्यावर. तरीही घड्याळाचा आकडा हा आकडा असतो आणि तो पाठ करता येतो. ॲरिझोना स्टेटच्या टेरेल सग्जने 2002 मध्ये एका हंगामात 24 सॅक करून राष्ट्रीय विक्रम केला आणि ड्राफ्टआधीच्या धावेत तो 4.8 सेकंदांच्या पुढे गेला. झालं! तज्ज्ञांनी भुवया उंचावल्या आणि पोरगा दहाव्या क्रमांकावर घसरला. बॉल्टिमोरने त्याला उचललं. पहिल्याच वर्षी 12 सॅक, पुढे एकूण 139. ती धाव त्याने नंतर कधी पूर्ण केली का, हे कोणी विचारत नाही.

धावेपेक्षा पहिल्या 10 यार्डांची वेळ बघावी, ती थोडी तरी कामाची. आणि इंग्रजी एल आकारात ठेवलेल्या तीन शंकूंभोवतीची कसरत बघावी. वळताना गडी किती झुकतो ते तिथे दिसतं. गुढीपाडव्याच्या त्या वाक्यातला 'बेंड' तो हाच. टॅकलच्या खांद्याखालून वळताना अंग जमिनीकडे इतकं कलतं की आतला हात गवताला लागेल की काय असं वाटतं, आणि तरी वेग तुटत नाही. घोटा लवचीक लागतो, कंबर लागते. हे बहुतेक उपजत असतं, शिकवून थोडंच वाढतं. या सगळ्या थोतांडात खरी चीज कुठली म्हणाल तर ही.

बेंच प्रेसबद्दल मात्र सावध करतो. 225 पौंडांची, म्हणजे 102 किलोंची, दांडी छातीवरून किती वेळा उचलली ते मोजतात. ओहायो स्टेटच्या व्हर्नन गोल्स्टनने 2008 मध्ये ती 37 वेळा उचलली. न्यूयॉर्क जेट्सनी त्याला सहावा क्रमांक दिला. तीन वर्षांत त्याचे सॅक झाले शून्य. ही गोष्ट सांगताना बेंच प्रेसवाल्यांना हसायचा मोह होतो, पण जरा थांबा: विद्यापीठातल्या शेवटच्या हंगामात त्याने 14 सॅकही केले होते. म्हणजे 'आकडे सोडा, खेळ बघा' म्हणणाऱ्यांचंही नाक कापलंच.

आणि माइक मामुला. कम्बाइनमध्ये जे विचारणार आहेत त्याचीच नेमकी तालीम करून आलेला हा बॉस्टन कॉलेजचा पोरगा 1995 मध्ये असा चमकला की फिलाडेल्फियाने सौदा करून वर सरकत त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. त्यांनी सोडलेल्या बाराव्या क्रमांकावर टँपा बेने वॉरन सॅपला घेतलं, तो हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. तेव्हापासून फसलेल्या निवडीला अमेरिकेत मामुलाचं नाव देतात. माझ्या मते हा त्या माणसावर अन्याय आहे. पाच हंगामांत त्याने साडेएकतीस सॅक केले. पहिल्या फेरीतल्या कितीतरी जणांना तेवढेही होत नाहीत. परीक्षेचा अभ्यास करून आला हा गुन्हा असेल तर पेपर काढणाऱ्यांना आधी पकडा. आज तर सगळेच हजारो डॉलर मोजून त्याचीच शिकवणी लावतात.

मोजणी झाली, आता चित्रफिती. इथे खरा वेळ घाला, कारण इथेच थोडंफार शिकायला मिळतं. पहिला नियम: चेंडूकडे बघू नका. अवघड आहे, पण आपला गडी बघा. चेंडू हलला त्या क्षणी तो हलला की बाकीचे हलल्यावर? पहिल्या पावलात अर्धी लढाई असते. मग हात बघा. टॅकलचे पंजे छातीवर यायच्या आत त्याने ते झटकले का, की नुसता धडकून चिकटून राहिला? पहिला डाव अडवला गेल्यावर दुसरा आहे का? विद्यापीठात नुसत्या ताकदीवर निभावतं. एनएफएलमधला टॅकलही तितकाच ताकदवान असतो आणि वर त्याला पगार असतो.

मग सॅक मोजू नका, त्यांची जात बघा. काही सॅक कमावलेले असतात. काही आयते: कोणी अडवायलाच विसरलं, किंवा पलीकडच्या गड्याने क्वार्टरबॅकला पळवलं आणि तो आपल्या हिरोच्या कुशीत येऊन पडला. फेकायला कोणी मोकळाच सापडला नाही म्हणून क्वार्टरबॅक चार-पाच सेकंद चेंडू घेऊन उभा राहिला, तर त्या सॅकचं श्रेय बचावाच्या मागच्या फळीचं. आणि कोणासमोर केले तेही बघा. सप्टेंबरात कुठल्या तरी किरकोळ कॉलेजविरुद्ध एका दुपारी केलेले चार सॅक वर्षभर हिशोबात मिरवतात.

चेंडू घेऊन पळणारा आपल्या गड्याच्या बाजूने आला तर तो काय करतो हेही बघायचं असतं. टोक धरून त्याला आत वळवायचं हे कष्टाचं काम, टाळ्या न मिळणारं. प्रामाणिकपणे सांगायचं तर हे कोणी बघत नाही. तुम्हीही नाही बघितलं तर चालेल.

एका क्षणाच्या प्रेमात मात्र पडू नका. 1 जानेवारी 2013 ला टँपामध्ये साउथ कॅरोलायनाच्या जेडेव्हियन क्लाउनीने मिशिगनच्या धावपटूला असं धरलं की त्याचं हेल्मेट उडालं, चेंडू सुटला आणि क्लाउनीने तो एका हाताने उचलला. ते दृश्य अमेरिकेने इतक्या वेळा बघितलं की पुढच्या हंगामात त्याचे सॅक 13 वरून 3 वर आले ते कोणाच्या फारसं मनात राहिलं नाही. 2014 ला ह्यूस्टनने त्याला पहिला घेतला. चांगला खेळला, अनेक वर्षं टिकला, पण एका हंगामात दहा सॅक त्याला कधी झाले नाहीत. ह्यूस्टनच्या मराठी बांधवांपुढे हा विषय जेवणाच्या आधी काढू नये.

कमी खेळलेल्या पोराबद्दल नेहमी जास्त आशा बाळगा. घानाहून ब्रिगम यंग विद्यापीठात आलेल्या झिगी अन्साने 2010 पर्यंत हा खेळ खेळलेलाच नव्हता. 2013 मध्ये तो पाचव्या क्रमांकावर गेला, आणि 2015 मध्ये साडेचौदा सॅक करून त्याने आशावाद्यांची लाज राखली. अशा पोराला 'रॉ' म्हणतात. त्याच्याकडून काहीच घडलेलं नसतं, त्यामुळे चुकीचंही काही घडलेलं नसतं.

मुलाखतींचा भाग थोडक्यात. 2022 च्या आधी 12 मिनिटांत 50 प्रश्नांची एक बुद्धिमत्ता चाचणी असे, ती आता बंद केली. संघांच्या खासगी मुलाखती चालू आहेत. तिथे 'तू कुत्रा की मांजर' असले प्रश्नही विचारल्याचं खेळाडू सांगतात. योग्य उत्तर अजून बाहेर आलेलं नाही.

शेवटी भाषा, कारण तज्ज्ञ भाषेने होतो. खेळाडूला 'मोटर' असते. ती बंद पडत नाही असं म्हणा. इथे एक पथ्य पाळाल तर बरं. गोऱ्या पोराची तुलना गोऱ्या खेळाडूशीच करायची, त्याला मेहनती आणि हुशार म्हणायचं, आणि काळ्या पोराला निसर्गाची देणगी म्हणायचं, अशी तिथल्या वर्णनांची जुनी खोड आहे. गोऱ्या हचिन्सनची तुलना तितक्याच गोऱ्या डिफेन्सिव्ह एंड बोसा भावांशी झाली ती काय उगाच नाही. हे विडंबनातही उचलू नका.

कोणत्याही पोराबद्दल मत विचारलं तर एकच वाक्य वापरा: "योग्य संघात गेला तर नाव काढेल." नाव काढलं तर तुम्ही बोलला होतात. नाही काढलं तर संघ योग्य नव्हता. चौथ्या फेरीत 126 वा गेलेला आयडाहो स्टेटचा जॅरेड ॲलन 136 सॅक करून 2025 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला. त्याच्याबद्दलही हे वाक्य चाललं असतं, आणि गोल्स्टनबद्दलही.

ड्राफ्ट शनिवारी संपतो. रविवारी सकाळी प्रत्येक संघाला ए, बी, सी अशा श्रेणी वाटल्या जातात. त्या तुम्हीही बिनदिक्कत द्या. पहिला सामना सप्टेंबरात असतो.