प्रस्तावित वृक्ष

आमच्या आर्किटेक्टला बजेट सांगायचं नसतं. सांगितलंत तर तो दुखावतो. चष्मा काढतो (गोल काचांचा, जाड काळ्या काड्यांचा, असा ल कॉर्बुझिए घालायचा, म्हणून त्या धंद्यातले निम्मे लोक अजून घालतात), डोळे मिटतो आणि म्हणतो, "काका, पैशांचं नंतर बघू. आधी मला सांगा, सकाळी उठल्यावर या घरात तुम्हाला काय वाटायला हवं?"

सकाळी उठल्यावर नळाला पाणी आलंय असं वाटायला हवं. मी तसं सांगितलंही. त्याने वहीत लिहिलं, "पाणी", आणि बाजूला एक झाड काढलं.

त्या झाडाबद्दल मी सावकाश सांगणार आहे. आधी त्याचं ऑफिस. भिंतींना गिलावा नाही, विटा उघड्या, जमीन साध्या सिमेंटची घोटलेली, छतातून लोंबणारा एकच पिवळा दिवा. बायको माझ्या कानाशी लागली, "याचंच पैशांवाचून अर्धवट राहिलंय. हा आपलं काय पुरं करणार?" बसायला एक लाकडी ठोकळा होता. त्यावर कसं बसायचं हे कळेपर्यंत आमची पहिली भेट संपत आली होती. तेवढ्या वेळात त्याने आम्हाला लॉरी, चार्ल्स आणि दोशीसर यांच्या गोष्टी सांगितल्या. मला वाटलं, हे त्याचे वर्गमित्र. लॉरी म्हणजे लॉरी बेकर, बर्मिंगहॅमहून येऊन तिरुवनंतपुरमला कमी पैशांत विटांची सुंदर घरं बांधणारा; चार्ल्स म्हणजे पणजीची कला अकादमी करणारे कोरिया; आणि दोशीसर म्हणजे बाळकृष्ण दोशी, जन्म पुण्यातला, १९२७चा, घरचा फर्निचरचा धंदा, आणि २०१८ साली प्रित्झ्कर पारितोषिक. हे सगळं फार मोठं होतं, आणि आमचा प्लॉट तीन गुंठ्यांचा होता. कृष्णाकाठी. वाई, सातारा, कऱ्हाड यांपैकी कुठलंही गाव समजा, फरक पडत नाही. तीन गुंठे म्हणजे ३२६७ चौरस फूट. चारी बाजूंना नियमाने सोडायची जागा सोडली की उरतं ते आपलं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोरी कुठे येणार?"

त्यानेही ऐकून घेतलं आणि वहीत आणखी एक झाड काढलं.

तर झाड. पहिला नकाशा आला त्यात घर एका कोपऱ्यात होतं आणि उरलेल्या कागदावर झाड होतं. मऊ पेन्सिलीने काढलेलं, डेरेदार, निदान शंभर वर्षांचं. आमच्या प्लॉटवर मुरूम, दगड आणि कोपऱ्यात बाभळीचं एक खोड, त्याला शेजाऱ्यांची म्हैस बांधलेली. मला वाटलं, चुकून दुसऱ्याचा कागद आला. पण पुढच्या कागदावरही झाड. दर्शनी बाजूला झाड, मागच्या बाजूला तेच झाड. न्हाणीघराच्या खिडकीतून एक फांदी आत डोकावत होती. सेप्टिक टँकच्या नकाशावरही पानं गळली होती. वायरिंगचा नकाशा बघून वायरमनने प्रामाणिकपणे विचारलं, "झाडाला पॉइंट द्यायचा का?" तो आनंदाने "द्या" म्हणाला. बँकेच्या व्हॅल्युअरने मात्र झाडाची किंमत धरली नाही. धरली असती तर कर्ज थोडं वाढून मिळालं असतं.

झाडाखाली माणसंही असायची. सडपातळ बाई, खिशात हात घातलेला पुरुष, हातात फुगा धरलेलं एक पोर. बायकोने बाईवर बोट ठेवलं.

"ही कोण?"

"ती स्केलसाठी असते काकू. घराचा अंदाज यावा म्हणून."

"हिच्या हातात पिशवी कशी नाही?"

खरंच नव्हती. त्या माणसांपैकी कोणाच्याच हातात काही नसतं. गॅसचा सिलिंडर नाही, दळणाचा डबा नाही, पावसाळ्यात दोरीवर न वाळलेले कपडे नाहीत. त्यांच्याकडे गाद्या नाहीत, गव्हाची कोठी नाही, गणपतीचं मखर नाही, दुरुस्त होईल म्हणून ठेवलेला जुना मिक्सर नाही. ती नुसती उभी असतात, उजेडात. आमच्या घरी उजेडाआधी सामान येतं. बायकोने माळा मागितला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जी कळ उमटली ती मी विसरणार नाही. "माळ्याने खोलीचा श्वास कोंडतो, काकू." काकू म्हणाल्या, "कोंडू दे. रजया कुठे ठेवू?" शेवटी जिन्याखाली एक कपाट मंजूर झालं. त्याचं दार भिंतीच्या रंगाचं, कडी नसलेलं. घरी आलेला कोणी ते अजून शोधू शकलेला नाही. कधीकधी आम्हीही.

त्याला वाड्यासारखा चौक हवा होता, वरून मोकळा. त्याने समजावून सांगितलं आणि ते पटण्यासारखं होतं: वाड्याच्या बाहेरच्या भिंती जाड, रस्त्याकडे खिडक्या मोजक्या, मग ओसरी-माजघराला उजेड आणि वारा चौकातूनच मिळायचा, तापलेली हवा तिथूनच वर जायची. मी माना डोलावल्या.

"आणि पाऊस?" बायको म्हणाली.

"पाऊस घरात यायला हवा, काकू!"

"भाड्याच्या घरात तो इतकी वर्षं येतोच आहे. तो येऊ नये म्हणून तर बांधतोय."

तेव्हा त्याने पॅरिसजवळच्या पोआसीची गोष्ट सांगितली. ल कॉर्बुझिएचं तिथलं १९३१चं व्हिला साव्हॉय, जगातले विद्यार्थी ते बघायला जातात. सपाट छप्पर असं गळायचं की घरमालकीण तक्रारीची पत्रं लिहून थकली. हे तो इतक्या अभिमानाने सांगत होता की बायकोच्या मनात एकदम त्या बाईविषयी माया दाटून आली. नंतर कितीतरी दिवस कुठलाही नवा नकाशा आला की ती विचारायची, "साव्हॉयबाईंना हे चाललं असतं का?" चौकावर अखेर काच आली, काचेवर जाळी आली, आणि जाळी बसवताना तो प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ करून उभा राहिला.

नगरपालिकेत वेगळंच घडलं. टेबलामागच्या माणसाने नकाशा उलगडला.

"हे झाड कुठलं?"

"नाहीये."

"नकाशात आहे."

"नकाशात आहे. प्लॉटवर नाही."

"म्हणजे तोडलं?"

महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे, आणि परवानगीवाचून झाड तोडणं हा त्यात गुन्हा आहे, एवढं मला तिथे उभ्याउभ्या कळलं. न उगवलेलं झाड तोडल्याच्या संशयावरून माझी फाईल बाजूला गेली. मी त्याला फोन केला, "अरे, ते झाड खोडून टाक रे." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "झाड काढलं तर घर कळणार नाही, काका." शेवटी झाडाखाली बारीक अक्षरांत लिहिलं गेलं: प्रस्तावित वृक्ष. टेबलामागचा माणूस खूश झाला. "असं सांगायचं की आधी! लावलं की फोटो आणून द्या."

याच रस्त्यावर, पालिकेच्या फाटकासमोर, प्लॅन पास करून देणारा बसतो. त्याच्याकडे गेलो असतो तर हे काही घडलं नसतं. आर्किटेक्ट ही पदवी लावायला १९७२च्या कायद्याप्रमाणे कौन्सिलकडे नोंदणी लागते, म्हणून हा स्वतःला कन्सल्टंट म्हणवतो. नकाशा, वास्तुशास्त्र, पालिका, ठेकेदार, सगळं एका छत्राखाली. तुम्ही खुर्चीत टेकायच्या आत ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर आणि नैऋत्येला तुम्ही स्वतः पडलेले असता. उरलेल्या जागी जिना. आमच्या कॉलनीत त्याचीच घरं आहेत: फाटकावर दोन सिंह, गॅलरीला निळी काच, स्टीलचा कठडा, आणि दुपारी बारालाही दिवा लावावा लागणारं माजघर. तो घरमालकाला सकाळी काय वाटायला हवं हे कधी विचारत नाही. त्याच्याकडे गर्दी असते.

आमच्या घराला गिलावा नाही हे बघून त्या सिंहांचे मालक एकेक करून चौकशीला आले. "कर्ज अडकलं का हो?" बायकोने सुरुवातीला खरं कारण सांगून पाहिलं. मग ती "हो" म्हणू लागली. ते लवकर संपायचं.

मिस्त्रीचं आणि त्याचं तर पहिल्या थरापासून वाजलं. लॉरीच्या पद्धतीने विटा आडव्या न ठेवता काठावर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी सोडायची. विटा पाव हिश्शाने वाचतात, घर गार राहतं. मिस्त्रीने पोकळीत बोट घालून पाहिलं. "सायेब, यात उंदरं ऱ्हातील की." यावर आमच्या माणसाने बाह्या सरसावल्या, थापी घेतली आणि स्वतः थर लावला. मिस्त्रीने ओळंबा सोडला. ओळंबा भिंतीपासून बोटभर लांब राहिला. मिस्त्री काही बोलला नाही, फक्त ओळंबा बराच वेळ तसाच लोंबत ठेवला. पण हेही सांगायला हवं की त्याने थर उतरवला, पुन्हा लावला, दोन्ही पंजे सिमेंटने खाऊन निघेपर्यंत लावत राहिला. तिसऱ्या वेळी मिस्त्रीने तंबाखू काढली आणि आधी त्याच्यापुढे धरली.

एकदा त्याने उभी भिंत पाडायला लावली. खिडकी वीतभर सरकली होती. माझा संताप झाला. ठेकेदाराने खर्च माझ्या नावावर मांडला. त्याची स्वतःची फी खर्चाच्या टक्क्यांवर, म्हणजे पाडापाडीत तोही थोडा कमावणार, असा हिशोब मी मनात मांडून ठेवला होता. तोंडावर बोललोही. तो म्हणाला, "ती वीट माझ्या बिलातून वजा करा. पण आजींचं ऊन चुकतंय."

आजी म्हणजे माझी आई. ऊन कुठलं, हे मला ठाऊकच नव्हतं.

नकाशे सुरू व्हायच्या आधी तो एका दुपारी घरी येऊन गेला होता म्हणे. मी नव्हतो. प्लॉट दाखवा, कागद दाखवा, काही नाही; आईपुढे बसून मेथी निवडली. गावाकडच्या घराला ओटी केवढी होती, कोण कुठे टेकायचं, गुडघे कधीपासून धरतात, विचारत बसला. जाताना तिची पाटावर बसण्याची, उठण्याची उंची टेपने मोजून नेली. म्हणून आमच्या जिन्याच्या पायऱ्या सहा इंचांच्या आहेत, सिंहवाल्यांच्या साडेसातच्या. म्हणून पूर्वेच्या खोलीत खिडकीलगत गुडघ्याएवढा दगडी कट्टा आहे, आणि थंडीत सूर्य दक्षिणेला कलला तरी दहा वाजेपर्यंत ऊन त्या कट्ट्यावरून हलत नाही. आई आता दिवसाचा निम्मा भाग तिथे असते. लसूण सोलते, रस्ता बघते, हात न टेकता उठते. इतक्या मोठ्या माणसांची नावं सांगितली त्याने, हे एवढं मात्र सांगितलं नाही.

वास्तुशांतीला तो बकुळीचं रोप घेऊन आला. स्वतः खड्डा खणला. मी फोटो काढून पालिकेत नेला. टेबलामागे नवा माणूस होता. त्याने नकाशा पाहिला, फोटो पाहिला, पुन्हा नकाशा पाहिला. "हे त्याहून लहान दिसतंय."

शेवटचा हप्ता द्यायला मी त्याच्या ऑफिसात गेलो. तो बाहेर गेला होता. ठोकळ्यावर बसून राहिलो. टेबलावर एका बिल्डरच्या इमारतीचे नकाशे पसरले होते. सात मजले, मजल्यावर सहा फ्लॅट, एफएसआयचा इंच न् इंच वसूल. ऑफिसचं भाडं, दोन मुलींचे पगार, त्याचा स्वतःचा दुसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, सगळं याच्यावर चालतं हे मला एव्हाना कळलं होतं. आमच्यासारख्या काका-काकूंच्या फीमध्ये त्याचं पेन्सिलीचंही भागत नसेल. मी सगळे कागद वरखाली करून पाहिले. रेघा काळ्या, सरळ, यंत्राने छापलेल्या. फुग्याचं पोर नाही, बाई नाही. झाड तर एकाही कागदावर नव्हतं.

तो आला तेव्हा मी विचारलंच, "यात झाड कसं नाही रे?"

त्याने कागद गोळा केले, गुंडाळी केली, रबर लावलं. "तिथे पार्किंग आहे, काका," म्हणाला, आणि चहा मागवला.

रविवारी तो अजून येतो. येतो आणि घरभर फिरतो. विटेत खिळा ठोकून लावलेलं कॅलेंडर उतरवून उताणं ठेवतो, कट्ट्यावरचे आईचे औषधांचे डबे एका ओळीत लावतो, काचेखाली उभा राहून वर बघतो, जाळीकडे बघत नाही. बायको त्याच्या पाठोपाठ फिरून सगळं होतं तसं करत जाते आणि करता करता साव्हॉयबाईंची खुशाली विचारते. येण्याआधी अर्धा तास तो न चुकता फोन करतो. दिवाणखान्यातल्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मागच्या खोलीत न्यायला आम्हाला तेवढा वेळ लागतो, हे त्याला कोणी सांगितलंय कुणास ठाऊक.