शून्य सांडलं तरी चालेल

2005 साली कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या बिटकीपरची फुकट सोय बंद झाली, लिनक्सची मंडळी अडली. एप्रिलमध्ये लिनुस टोरवाल्ड्स यांनी त्याच कामासाठी गिट लिहायला घेतलं. उगाच दगदग! मलकापूरच्या तलाठ्याला विचारलं असतं तर भागलं असतं.

सातबारा कुणीही पाहावा, इतका खुला. बदलांची नोंद गाव नमुना 6 मध्ये, प्रत्येक फेरफाराला क्रमांक, हरकतीला 15 दिवस, वर मंडळ अधिकाऱ्यांची सही. जुनं नाव पुसायचं नाही, कंसात ठेवायचं. फांद्या फोडायच्या तर वाटणी आहेच. त्या जुळेनात तर गिट नुसता इशारा देतं. आपल्याकडे तहसीलदार, प्रांत आणि पुढची पिढी, अशी सोय आहे.

मग या प्रकल्पाचंही स्थलांतर झालं. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढला.

गिट भलतंच संशयी, एक अक्षर हललं तरी ओळखतं. आपली व्यवस्था दिलदार. 20 गुंठ्यांमधलं शून्य वाटेत सांडलं, तर खातेदाराला ते पीककर्जाच्या वेळीच कळावं, तोवर सुखाने झोपू द्यावं. दुरुस्तीला महसूल संहितेचं कलम 155 आहे. अर्ज घेऊन शाहूवाडीचं तहसील कार्यालय गाठायचं आणि सोबत पुरावा म्हणून जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल जोडायची. तो जुना उतारा पिवळा पडलेला असतो, कडेने वाळवीने खाल्लेला, आणि बिनचूक.