गुरुवारी बारा वाजता

आमचा मुलगा जर्मनीत नोकरीला. गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघं त्याच्याकडं गेलो, तर तिसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "अण्णा, शनिवार-रविवार व्हॅलेन्सियाला जाऊ. भूमध्य समुद्राच्या काठावर आहे. संत्र्याच्या बागाच बागा!"

"बाबा," मी म्हणालो, "चार दिवस मोसंबीचं तोंड बघू नये म्हणून तर आपलं गाव, पाचोड सोडून आलो."

"तुम्ही बागेकडं पाठ करून बसा," मंडळींनी निकाल दिला. "आम्ही समुद्र बघतो."

विमानाचं तिकीट स्वस्त होतं, कारण पिशवी सीटखाली मावेल एवढीच न्यायची होती. तीत एक तर माझा दुसरा शर्ट मावत होता, नाहीतर धपाटे. मी दोन दिवस एकाच शर्टावर काढले.

व्हॅलेन्सियात बसमधून उतरलो आणि बघतच राहिलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फळांनी लगडलेली संत्र्याची झाडं. ना कुंपण, ना राखण्या! पाचोडला हायवेच्या कडेला अशी फळं लागली असती, तर एक एसटी थांबून जाईपर्यंत झाडाला पानंसुद्धा राहिली नसती. इकडं-तिकडं बघून मी एक तोडलं, सोललं, फोड तोंडात टाकली आणि कुलदैवत आठवलं. कडूजहर! ही शोभेची संत्री, खात कुणी नाही. त्या लोकांनी राखण्या फळाच्या आतच बसवला होता.

तोंड गोड करायला रस घेतला. संत्र्याला तिथं 'नारान्खा' म्हणतात. आपल्या संस्कृतातला 'नारंग' इराण, अरबस्तान करत तिथं पोचला, असं मुलानं सांगितलं. आमच्या मोसंबीचं नाव मात्र आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आलेलं. म्हणजे त्यांच्या फळाला आमचं नाव आणि आमच्या फळाला तिसऱ्याचंच. ग्लासाला चार युरो पडले. भाव पडले की तेवढ्यात आमच्या मार्केटात अख्खं कॅरेट येतं.

रविवारी मंडळींना बाजार बघायचा होता. 1928 सालचं, घुमटाचं, रंगीत काचांचं मोठं मार्केट. जाऊन बघतो तर बंद!

"रविवारी बाजार बंद?" मंडळी थक्क. "मग ही माणसं मिरच्या घेतात तरी कधी?"

पाचोडचा बाजार रविवारीच भरतो. जगाचा बाजार रविवारीच भरतो अशी मंडळींची जन्मभराची समजूत, तिला त्या कुलपानं तडा गेला.

मग समुद्र. मंडळींनी अंगठा बुडवला, गार लागला म्हणून काढून घेतला आणि म्हणाल्या, "आपल्या धरणाच्या नाथसागरासारखाच की. नुसता खारट."

"आणि उन्हाळ्यात आटत नाही," मी भर घातली.

माझा जीव अडकला तो मोठ्या चर्चच्या दारात. कालव्याच्या पाण्यावरून भांडणारे शेतकरी शेकडो वर्षांपासून तिथं येतात. आठ कालव्यांचे निवडून दिलेले आठ शेतकरी काळे डगले घालून बसतात. वकील नाही, अर्ज नाही. तोंडी ऐकायचं आणि तिथल्या तिथं निकाल. 2009 साली युनेस्कोनं या पाणीकोर्टाला मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला. ते भरतं गुरुवारी दुपारी बारा वाजता. मी उभा होतो रविवारी.

सामाईक विहिरीच्या पाळीवरून चुलतभावाशी माझा अकरा वर्षं दावा चालू आहे. बंद दारापुढं उभ्या-उभ्या मी ठरवून टाकलं.

गावी आल्यावर त्याला सांगितलं, "दर गुरुवारी बारा वाजता मारुतीच्या पारावर बसू. तोंडी मिटवू."

"काळा डगला कुणी घालायचा?" त्यानं विचारलं. इथूनच मतभेद सुरू झाले.

पहिल्या गुरुवारी चहा झाला. दुसऱ्या गुरुवारी बोलणं रंगात आलं आणि लाइट आली. मोटार चालू करायला दोघंही एकाच विहिरीकडं पळालो. तिसऱ्या गुरुवारी त्याच्याकडं पाहुणे. निकाल अजून लागलेला नाही. पण पूर्वी वर्षाला दोन तारखा पडायच्या, आता आठवड्याला एक पडते. पाण्याची पाळी ठरायची आहे. चहाची मात्र ठरली: एक गुरुवार त्याचा, एक माझा.